कांजिण्या मला झालेल्या आहेत

आमच्या घरात कुणाला कोणती लस कधी द्यायची, कुणाची कोणती गोळी संपत आली, कुणाची साखर किती, हे सगळं माझ्याकडे असतं. मी रायपुरातल्या एका खासगी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. कागद जागच्या जागी ठेवणं हे माझं काम, आणि घरीही तीच सवय. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला एक तक्ता आहे. त्यात सासऱ्यांची दरवर्षीची फ्लूची लस आहे, नवऱ्याचं धनुर्वाताचं इंजेक्शन आहे, सून प्रियंकाची गरोदरपणातली इंजेक्शनं आहेत. माझा मुलगा ओंकार म्हणतो, "आई, तू घर नाही चालवून राहिली, आरटीओ चालवून राहिली."

त्या तक्त्यात माझी ओळ नव्हती. ती असायला हवी असं मला कधी वाटलंही नाही.

दवाखान्यातून परतल्यापासून ओळखीच्या बायका विचारतात, "अगं, या वयात कांजिण्या? कशा काय?" मी प्रत्येकीला निम्मं सांगते. सासऱ्यांना नागीण झाली होती, तिच्यातून आल्या. एवढं सांगून चहा ठेवायला उठते. उरलेलं निम्मं सांगायची मला लाज वाटते. पण दुसऱ्याच्या कामी येईल ते तेच आहे, म्हणून इथे लिहिते.

बाबांची नागीण

थंडी सरत आली होती. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, रेल्वेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. वय ऐंशीच्या पुढे. एका सकाळी म्हणाले, "सूनबाई, पाठीत कोणी इस्त्री फिरवून राहिलं वाटते मले." सदरा वर केला तर बरगडीखालून पोटाकडे लाल पट्टा आणि त्यावर पाण्याच्या फोडांची रांग. शेजारच्या भाभी कुंपणावरूनच म्हणाल्या, "नागिन है, दीदी. गेरू लगाओ." मी गेरू लावला नाही. त्याच दुपारी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाई तरुण आहेत, नीट समजावून सांगतात.

"फोडों का पानी संभालिए," त्या म्हणाल्या. ज्यांना कांजिण्या कधीच झालेल्या नाहीत, त्यांना या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. दोन्हींचा विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, विषाणू अंगात झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. "घर में कोई प्रेग्नंट है?"

मी सांगितलं, सून आहे, सातवा लागेल. पण ती आणि मुलगा नव्या रायपुरात फ्लॅटमध्ये राहतात.

"तो उसको अभी आने मत दीजिए. और आप? आपको छोटी माता निकल चुकी है?"

"हाँ. बचपन में ही."

"पक्का? शक हो तो खून की जाँच हो जाती है. न निकली हो तो टीका लगता है, बड़ों को भी."

"पक्का," मी म्हणाले, आणि पर्समधून पेन काढून बाबांच्या गोळ्यांच्या वेळा लिहायला लागले.

पक्कं वाटायला माझ्याकडे कारण होतं. मला ते डोळ्यांपुढे दिसत होतं. अंगणात दोन पाट. कडुनिंबाचा पाला घातलेलं कोमट, हिरवट पाणी. एका पाटावर मी, एकावर माझी मोठी बहीण. आई दोघींच्या डोक्यावरून तांब्या ओतते आहे, पाला केसांत अडकतो आहे. मग दोघींना नवे फ्रॉक, शीतलामातेच्या देवळात नमस्कार आणि घरी येऊन गार दहीभात. आमच्याकडे माता, म्हणजे कांजिण्या, येऊन गेली की असंच करत. माझ्या डाव्या भुवईवर एक लहानसा खड्डा आहे. 'हा बघा माझा कांजिण्यांचा व्रण' असं म्हणून मी तो आयुष्यभर लोकांना दाखवत आले. नवऱ्याला तर लग्न ठरलं तेव्हाच दाखवला होता.

मग मी कामाला लागले. बाबांची चादर वेगळी, टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात. फोड रोज मीच पुसत होते. हातमोज्यांचं पाकीट आणलं होतं, पण रबराचा स्पर्श बाबांना सहन होईना, आणि मला तर मोज्यांची गरजच नव्हती. प्रियंकाला फोन करून सांगितलं, खपल्या पडेपर्यंत इकडे पाऊल टाकायचं नाही. ती म्हणाली, "जी मम्मी." तिचं डोहाळजेवण ठरलं होतं, ते मी पुढे ढकललं. बाबांची शेवटची खपली पडून गेल्यावर, वर आणखी एक आठवडा सोडून, नवा मुहूर्त काढला. दूधवाल्याला दारात थांबवत होते, भाजीवालीला फाटकाबाहेर. बाबा खाटेवरून बघायचे आणि म्हणायचे, "नागीण मले झाली अन् फुत्कार तू सोडून राहिली."

डॉक्टरांनी बाबांना मोकळं केलं, तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ओटी

प्रियंकाचं माहेर अभनपूरचं. ते लोक छत्तीसगढी आहेत. त्यांच्याकडे सातव्या महिन्यात मुलीच्या माहेरून खायला-प्यायला घेऊन येतात, त्याला सधौरी म्हणतात. आपलं डोहाळजेवण आणि त्यांची सधौरी एकाच दिवशी आमच्या घरी, असं मी आणि विहीणबाईंनी ठरवलं होतं. त्या तिखट ठेठरी, गोड खुरमी आणि कायकाय घेऊन येणार होत्या. झोपाळ्याला फुलं, पाहुण्यांना दोन पंगती, आचारी, फुलांच्या वाडीतले दागिने, सगळं नेमून दिलेलं होतं.

त्या दिवशी सकाळी उठले तेव्हा अंग मोडून आलं होतं. आंघोळीच्या वेळी पोटावर दोन-तीन पुळ्या दिसल्या. एकीच्या टोकाला पाणी होतं.

थर्मामीटर कपाटात हाताशी होता. घरात कुणाचं कपाळ जरा कोमट लागलं तरी मी तो आधी काढते. त्या दिवशी काढला नाही. काढला असता तर आकडा दिसला असता, आणि आकडा दिसला की मला काहीतरी करावं लागलं असतं. मी तापाची एक गोळी घेतली, लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं आणि पुळ्यांना मनात घामोळं असं नाव दिलं. अजून पंखेसुद्धा जोरात लागले नव्हते.

नवरा, सुधीर, म्हणाला, "तुझे डोळे लाल दिसून राहिले. बरं नाही का? पुढं ढकलू."

"एकदा ढकललंय. आचारी आलाय मागे. पुन्हा ढकलायला काय ते कॉलेजचं गॅदरिंग आहे?"

"मी आपलं विचारलं," तो म्हणाला आणि खुर्च्या मांडायला गेला.

सासू म्हणून पहिली ओटी मी भरली. नारळ, तांदूळ, खण. प्रियंका झोपाळ्यावर बसली होती, कानात फुलांचे झुमके, लाजून हसत होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानामागे काजळाची तीट लावली. विहीणबाईंच्या डब्यातली खुरमी मोडून पहिला घास माझ्या हाताने तिच्या तोंडात घातला. मग विहीणबाईंना हळदीकुंकू लावलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"दीदी, आपका हाथ तो तप रहा है."

"गैस के पास थी," मी म्हणाले.

मी गॅसजवळ नव्हते. सकाळपासून मी स्वयंपाकघरात गेलेच नव्हते.

आरसा

दुसऱ्या दिवशी पुळ्या चेहऱ्यावर होत्या. केसांत, कानांत, घशात. आरशासमोर उभी राहिले आणि काय झालंय ते मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती, तरी त्याच डॉक्टरांकडे गेले. मला त्यांनी मागच्या दाराने आत घेतलं. चेहरा पाहिला, पाठ पाहिली. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "आप तो बोली थीं, निकल चुकी है."

माझं बोट भुवईवरच्या खड्ड्यावर गेलं.

पुरळ दिसायच्या आधीपासूनच हा आजार दुसऱ्याला लागतो, त्या म्हणाल्या. "आपकी बहू... उसके पास तो नहीं गईं ना?"

कॉलेजात मी लोकांना सांगते की उत्तर हो किंवा नाही असं द्या, पाल्हाळ नको. त्या दिवशी मी पाल्हाळ लावलं. डोहाळजेवण, झोपाळा, ओटी, मुहूर्त. डॉक्टरांनी मला मध्येच थांबवलं. "मतलब, हाँ."

"हो."

त्यांनी माझ्यासमोरच प्रियंकाच्या डॉक्टरांना फोन लावला. मोठ्या माणसाला कांजिण्या लहान मुलांपेक्षा जड जातात. गरोदर बाईला आणखी जड जाऊ शकतात, छातीत उतरू शकतात. आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळालाही धोका. हे त्या फोनवर बोलत होत्या आणि मी समोर बसून ऐकत होते.

दुसरा पाट

रिक्षातूनच ताईला फोन केला. माझी मोठी बहीण, नागपूरला असते.

"ताई, मला कांजिण्या झाल्यात. दुसऱ्यांदा."

"दुसऱ्यांदा काहून? पहिल्यांदा कधी झाल्या होत्या तुले?"

"अगं, आपल्या दोघींना नव्हत्या का झाल्या?"

"मले झाल्या होत्या. तुले त आईनं त्याच दिवशी गुढियारीले मावशीच्या घरी धाडलं होतं."

"मग ते कडुनिंबाचं पाणी? दोन पाट?"

ताई हसायला लागली. तिला काय घडलंय ते ठाऊक नव्हतं. "मी बरी झाली तवा तुले परत आणलं. आईनं मले न्हाऊ घालायले पाट मांडला, तर तू रडून रडून घर डोक्यावर घेतलं. मले बी पाट पायजे, मले बी नवा फ्रॉक पायजे. आईनं म्हटलं, बस बाई, तू बी बस."

"आणि माझ्या भुवईवरचा व्रण?"

"तो मावशीच्या ओट्यावरून पडली होती न तू. विसरली का?"

मी विसरले नव्हते. मला ते कधी माहीतच नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण ताई होती, एका फोनवर होती. बाबांचे फोड पुसायला बसण्याआधी हा फोन करता आला असता.

बंद खोली

दोन-तीन दिवसांत खोकला सुरू झाला. जिना चढताना दम लागायला लागला. छातीचा फोटो काढला, त्यात पांढरे ठिपके होते. मला दवाखान्यात ठेवलं, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत, एकटीला. दाराला एक काचेची पट्टी होती. तेवढ्यातून बाहेरचं जग दिसायचं.

दवाखान्याचा दिवस ठरलेला असतो. मला ठरलेलं आवडतं, पण तिथे ठरवणारी मी नव्हते. सलाईनमधून औषध, मग तापमान, मग बोटाला चिमटा लावून श्वासाचा आकडा, मग बेचव दलिया. नर्स गाऊन घालून यायच्या, काम करून गाऊन दारातच काढून ठेवायच्या. खाज इतकी की उशीचा अभ्रा दातांत धरत होते. पहिल्या दिवशी मी नर्सला विचारलं, पुढचं औषध किती वाजता, कोणतं, त्याचा डोस किती, मी लिहून ठेवते. ती म्हणाली, "आंटी, आप सो जाओ. वो हमारा काम है." मी डोळे मिटले.

खोली पुसायला येणाऱ्या मावशी गप्पिष्ट होत्या. मला गाल खाजवताना पाहून, खाजवू नको म्हणून ओरडल्या, "झन खजुवा ओ दाई, दाग पड़ जाही!" मग कुठूनसं नेलकटर घेऊन आल्या आणि माझी नखं कापायला बसल्या. त्यांचं ते काम नव्हतं. त्यांच्या हातांना फिनेलचा वास होता. त्यांनी माझी करंगळी धरली तेव्हा मला रडू आलं. त्यांना वाटलं, दुखलं.

स्वतःच्या छातीची भीती वाटत होती, नाही असं नाही. दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे आणि तो अर्ध्यावरच थांबायचा. पण उशीखालचा फोन वाजला की श्वासाचं विसरायला व्हायचं. प्रियंकाच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता.

फोन ओंकारचा आला. विहीणबाईंना वाटत होतं की प्रियंकाला शाळेत असताना छोटी माता निघाली होती. पण तिच्या डॉक्टरांनी म्हटलं, आठवणीवर नाही, रिपोर्टवर जायचं. रिपोर्टमध्ये काही नव्हतं. तिच्या अंगात कांजिण्यांविरुद्ध कसलंच बळ नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"एक इंजेक्शन आहे. तयार प्रतिपिंडांचं. लवकर द्यावं लागते. इथं आज कुठेच नाही, बाबा फिरून राहिले." त्याचे बाबा, म्हणजे सुधीर. मग ओंकार म्हणाला, "आई, बाबांच्या आजोबांच्या वेळी डॉक्टरनं तुला विचारलं होतं ना?"

तो इतका अस्वस्थ होता की आजोबांना बाबांचे आजोबा म्हणाला. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

"विचारलं होतं."

"तपासून घ्या म्हणाल्या होत्या?"

"हो. मला वाटलं..."

"तुला वाटलं," तो म्हणाला, आणि फोन बंद केला.

माझ्या मुलाने माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

बर्फाचा डबा

इंजेक्शन नागपूरला मिळालं. ताईच्या घराजवळच्या औषधाच्या मोठ्या दुकानात होतं. तिनेच चौकशी करून, पैसे भरून बाजूला ठेवायला लावलं. फोनवर आता ती हसत नव्हती. सुधीर मिळेल त्या गाडीने गेला आणि परतीच्या गाडीने आला. हा माणूस दही आणायला गेला तर दूध घेऊन येतो. त्याने ओळखीच्या औषधवाल्याकडून लस ठेवायचा बर्फाचा डबा मागून नेला होता, आणि परतताना तो मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "भैया, मछली है क्या?" तो म्हणाला, "हाँ, महँगी वाली."

हे त्याने मला काचेच्या पट्टीबाहेर उभं राहून फोनवर सांगितलं. स्टेशनवरून आधी प्रियंकाच्या दवाखान्यात जाऊन, इंजेक्शन देऊन झाल्यावर माझ्याकडे आला होता. पँटच्या मांडीवर बर्फाच्या पाण्याचा ओला डाग होता. मी हसले आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत तो काचेला हात लावून उभा होता. त्याने मला एकदाही म्हटलं नाही की मी त्या सकाळी विचारलं होतं.

त्यानंतर फक्त वाट बघायची होती. इंजेक्शनने आजार टळतोच असं नाही, सौम्य होतो, असं सांगितलं होतं.

विहीणबाई लेकीजवळ राहायला आल्या होत्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. मी तो घेण्याआधी वाजू दिला. त्या माझी तब्येत विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "दीदी, उस दिन मैंने आपका हाथ पकड़ा था. बुखार था, मुझे समझ में आ गया था. बेटी के ससुराल में क्या बोलना, सोचके चुप रह गई. मुझे बोलना था."

म्हणजे त्याही स्वतःला दोष देत बसल्या होत्या. हे मला सहन झालं नाही.

"मैं गैस के पास नहीं थी, दीदी," मी म्हणाले. "झूठ बोली थी."

मग त्या म्हणाल्या, "हाँ. रसोई में तो मैं ही खड़ी थी."

त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. तरी फोन त्यांनी केला होता.

प्रियंकाला पुळ्या आल्याच. थोड्या आल्या, हातावर, गळ्यावर, एक हनुवटीवर. तिला देखरेखीसाठी दवाखान्यात ठेवलं. ओंकार रोज एक निरोप पाठवायचा, कार्यालयात पाठवतात तसा: ताप नाही. छाती साफ. सोनोग्राफी ठीक. पुढे काही नाही, 'आई' सुद्धा नाही. मी तो निरोप दिवसभर उघडून वाचायचे. एके दिवशी लिहून आलं, खपल्या धरल्या, उद्या घरी. त्या रात्री मला झोप लागली.

बाबांचं ताट

मी घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा पेला आणि ताट त्यांनी स्वतःच वेगळं काढून खिडकीत ठेवलं होतं. सुधीर म्हणाला, धड जेवत नाहीत, घरात येऊन बसत नाहीत, काहून म्हटलं तर उत्तर देत नाहीत.

मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या तोंडावर अजून काळे डाग होते. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली.

"माह्याच्यानं झालं सारं," ते म्हणाले. "त्या पोट्टीच्या पोटात जीव, अन् मी म्हातारा नागीण घेऊन बसलो. मराचं सोडून."

मी रागावणार होते. असं काय बोलता वगैरे. माझ्या जिभेवर ते तयार असतं. पण ते खोटं धीर देणं झालं असतं, आणि खोट्याचा मला वीट आला होता.

"बाबा, तुमच्याकडून आलं ते खरं आहे. पण तुम्हाला होणार हे तुमच्या हातात नव्हतं. तुमच्यापाशीच थांबलं असतं ते. पुढे मी नेलं. मला विचारलं होतं, आणि मी न तपासता हो म्हटलं. त्या दिवशी ताप होता, तोही लपवला."

बाबांनी मान पुन्हा माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सकाळपासून तू जेवली का?"

"नाही."

"मी बी नाही. मग मांड दोघांचं. अन् ते खिडकीतलं ताट धुऊन आत ठेव."

हे लक्षात असू द्या

मोठ्या माणसांच्या लसी असतात, हे आपण विसरतो. लस म्हटलं की आपल्याला पाळण्यातलं बाळ दिसतं. घरात म्हातारं माणूस असेल, गरोदर बाई असेल, तर घरातल्या धडधाकट माणसाने आधी स्वतःचं तपासून घ्यावं. झाल्या होत्या की नव्हत्या हे आठवत असेल, तरी तपासावं. आठवत असेल तर जास्तच. आणि अंगात ताप असेल तर समारंभ कितीही मोठा असो, सांगावं आणि खोलीचं दार लावून घ्यावं. आचाऱ्याचे पैसे बुडतील. बुडू द्यावे. पुढचं डॉक्टर सांगतील, मी नाही.

हे सगळं लिहिणं सोपं आहे. खालचं तितकं नव्हतं.

उंबरा

प्रियंकाला मुलगी झाली. वेळेवर, वजनाने चांगली, आवाजाने त्याहून चांगली. दवाखान्यात गर्दी नको म्हणून मी गेले नाही. खरं म्हणजे मला कुणी ये म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाळ-बाळंतीण फ्लॅटवर आल्यावर प्रियंकाने स्वतः फोन केला, "मम्मी, आप कब आएँगी?"

मी आणि सुधीर नव्या रायपुरात गेलो. रस्ते रुंद, मोकळे. सुधीर गाडी सावकाश चालवत होता आणि मी त्याला लवकर चल म्हणत नव्हते. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. बाळासाठी मऊ, धुऊन उन्हात वाळवलेली दुपटी होती. सुधीर गाडी लावायला खालीच थांबला. दार विहीणबाईंनी उघडलं. मी चपला बाहेर काढल्या, बाहेरच्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले आणि खोलीच्या उंबऱ्यावर येऊन थांबले.

प्रियंका पलंगावर बसली होती, मांडीवर बाळ. तिने मान वर केली. हनुवटीवर एक लहानसा खड्डा होता. माझ्या भुवईवर आहे तसाच. तिचा मात्र खरा होता.

"मम्मी," ती म्हणाली. तिचा आवाज जरा अवघडलेला होता. सासूला असं विचारायचं कसं, हे तिने आधी घोकलं असावं. "एक बात पूछनी थी. डॉक्टर ने कहा है, जो भी बेबी को गोद में लेगा, उसको काली खाँसी वाला टीका लगा होना चाहिए. मेरे मम्मी-पापा ने लगवा लिया है. आपका...?"

काली खाँसी म्हणजे डांग्या खोकला. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. आई या बाबतीत फार काटेकोर होती, आम्हा दोघी बहिणींना हाताला धरून लस टोचायला घेऊन जायची, रांग मला आठवते, दंडाला लावलेला कापसाचा बोळा आठवतो, घरी येताना घेतलेली बर्फाची कांडी आठवते. 'हो, लहानपणीच' हे शब्द ओठांवर होते.

ओंकार खिडकीशी उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

"माहीत नाही," मी म्हणाले. मग प्रियंकाला कळावं म्हणून हिंदीत, "मुझे नहीं पता, बेटा."

तिने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "तो लगवा लीजिए. फिर आइए, मम्मी. ये कहीं नहीं जा रही." आणि तिने बाळाची मान हाताने सावरून त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला. मी उंबऱ्यातूनच पाहिला. नाक आमच्या बाबांचं आहे. मी लाडवांचा डबा आणि दुपटी विहीणबाईंच्या हातात दिली आणि मागे फिरले.

लिफ्टपाशी पोचले तर मागून चावीचा आवाज आला. ओंकार चपला अडकवत येत होता.

"थांब, मी येतो संगं," तो म्हणाला. "एकटी गेली तर डॉक्टरलाच सांगशील काय टोचायचं ते."